प्लायचा ट्रेलर कडेने कुजतो: घरी फायबरग्लास आणि इपॉक्सी चढवायची पद्धत

पहिल्यांदा प्लायचा कॅम्पिंग ट्रेलर (गाडीमागे ओढायची छोटी झोपायची खोली) बनवणारे बहुतेक जण छपराच्या आणि बाजूच्या मोठ्या सपाट भागावर जीव ओततात, तिथे आरशासारखी चमक यायला हवी म्हणून आठवडाभर घासत बसतात, आणि दाराच्या चौकटीची कड, टेल लाइटच्या वायरचं भोक, फ्लोअरची खालची धार इथे शेवटच्या दिवशी उरलेलं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळलं की कडक होणारं द्रव) ब्रशने फासून मोकळे होतात. मीही पहिल्या वेळी हेच केलं होतं. दोन वर्षांनी टेल लाइट बदलायला गेलो तर स्क्रू नुसत्या बोटांनी बाहेर आला, मागचा प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखा झालेला आणि वरचं ग्लास, म्हणजे फायबरग्लासचा थर, मात्र एकदम शाबूत. ग्लासचा थर बाहेरचं पाणी अडवतो तसाच आत शिरलेलं पाणी कोंडूनही ठेवतो, लाकडाला सुकायला जागाच राहत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात कडा आणि भोकं यांच्यावर जास्त वेळ घालवलाय, चमकवण्यावर कमी.

रेझिन कुठलं

प्लायवर काम असेल तर इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, लवकर सेट होतं, पण लाकडाला त्याची पकड कमी असते आणि सेट होताना ते जास्त आकसतं, त्यामुळे काही वर्षांत कडेकडून पापुद्रा सुटायला लागतो. शिवाय त्यात स्टायरीन असतं आणि थर्माकोल किंवा एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरीन) फोमवर ते लावलं की फोम विरघळून खड्डा पडतो. इपॉक्सीने फोमला काही होत नाही.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा, कारण पॉलिएस्टरवर काम केलेले लोक इथेच फसतात. पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी नावाचा कॅटॅलिस्ट १-२ टक्के टाकतात आणि तो थोडा कमीजास्त करून सेट व्हायचा वेळ बदलता येतो. इपॉक्सीत हे अजिबात चालत नाही. रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांत ठरलेल्या प्रमाणात गुंततात, हार्डनर जास्त टाकला म्हणून लवकर सुकणार नाही, उलट जो जास्तीचा आहे तो तसाच मऊ, चिकट शिल्लक राहणार. वेळ बदलायचा असेल तर फास्ट किंवा स्लो हार्डनर घ्या. मी तर नवख्या माणसाला कायम स्लोच सांगतो, मोठा पॅनल करताना ती दहा-पंधरा मिनिटं जास्त मिळतात त्यांना तोड नाही.

कापड

विणलेलं ई-ग्लास (नेहमीचं फायबरग्लास) कापड, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचं, म्हणजे जुन्या मापात ६ औंस. ट्रेलरच्या बाजू आणि छप्पर यांना एवढं पुष्कळ झालं. त्याहून हलकं १३५ जीएसएमचं फक्त वॉर्निश करून लाकूड दाखवायचं असेल तर. पुढचा खालचा भाग, जिथे टोइंग गाडीच्या चाकांची खडी येऊन आपटते, आणि चाकांच्या कमानीच्या आत मात्र दोन थर द्या किंवा ३००-३४० जीएसएमचं कापड वापरा.

कापड घेताना विचारून घ्या की त्याचं फिनिश इपॉक्सीला चालतं का. काचेच्या धाग्यावर सायलेनचा लेप असतो, तो रेझिनला धरून ठेवतो, लेप चुकीचा असला तर कापड नीट भिजत नाही. आणि ती केसाळ चॉप्ड स्ट्रँड मॅट मिळते ना, ती टाळाच. तिच्यातले तुकडे एकत्र धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेला असतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठच्या ताठ राहते आणि कोपऱ्यात वळत नाही.

कापडाची घडी कधी घालू नका, नळीवर गुंडाळून ठेवा. घडीची रेघ भिजल्यावरसुद्धा उठून दिसते आणि तिथे हवा अडकते.

नीट भिजलं की हे पांढरं कापड दिसेनासं होतं, कारण काच आणि इपॉक्सी या दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.५५ च्या आसपास असतो, प्रकाश मधे कुठे वळत नाही. म्हणजे जिथे पांढरं दिसतंय तिथे हवा आहे. पूर्ण कामात यापेक्षा सोपी आणि खरी तपासणी दुसरी नाही.

किती लागेल

साधारण २.४ मीटर लांब, १.२ मीटर उंच आणि १.५ मीटर रुंद टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर) धरू. दोन बाजू मिळून पावणेसहा चौरस मीटर, गोलाईसकट छप्पर आणि मागचं झाकण साडेपाच, म्हणजे एकूण ११ च्या पुढेमागे. आता प्रत्येक चौरस मीटरला पहिला सील कोट (कच्च्या लाकडावरचा) १२० ग्रॅम, २०० जीएसएम कापड भिजवायला २०० ग्रॅम (हाताने केलेल्या कामात कापडाच्या वजनाएवढं रेझिन लागतं असं धरायचं), आणि वरचे दोन फिल कोट (कापडाचं विणकाम बुजवणारे) १००-१०० ग्रॅम. झाले ५२० ग्रॅम. ११ चौरस मीटरला पावणेसहा किलो. कपात, रोलरमध्ये, जमिनीवर जाणारं धरून पावणेसात-सात किलो. कडा, भोकं, फिलेट (आतल्या कोपऱ्यातली गोलसर भरणी) आणि फ्लोअरची खालची बाजू यांचं वेगळं, तेही दोन किलो सहज जातं. अर्ध्या कामात इपॉक्सी संपलं तर दुसऱ्या कंपनीचं आणून त्यात मिसळू नका, एकाचं रेझिन आणि दुसऱ्याचा हार्डनर हा प्रयोग छपरावर करायचा नसतो.

अंगाला लागू देऊ नका

हे मी पोटतिडकीने सांगतोय. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. वीस वेळा हाताला लागतं, काही होत नाही, आपण निर्धास्त होतो, आणि एकविसाव्या वेळी मनगटावर पुरळ, डोळे सुजलेले. एकदा शरीराने धरलं की ते सहसा आयुष्यभर राहतं, मग नुसता डबा उघडला तरी त्रास होणारे लोक आहेत. हार्डनरमधली अमाइन्सही यात वाईटच.

नायट्राइलचे हातमोजे, एकावर एक दोन जोड्या, वरची चिकट झाली की काढून फेकायची. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. डोळ्यांना चष्मा, विशेषतः छपराखाली उलटं काम करताना. चामडीवर लागलंच तर थिनर किंवा ॲसिटोनने अजिबात पुसू नका, ते इपॉक्सी पातळ करून आणखी आत नेतं. कोरड्या कागदाने पुसा, मग भरपूर साबण आणि पाणी.

घासताना मास्क हवाच, धुळीसाठीचा चांगला, एन९५ किंवा त्याच्या वरचा. कालच लावलेलं इपॉक्सी वरून कडक वाटतं पण आत अजून पूर्ण पिकलेलं नसतं, त्याची धूळ सगळ्यात जास्त त्रास देते. शक्य असेल तर आठवडाभर थांबून घासा. काचेच्या तंतूंनी अंग खाजत असेल तर आधी न चोळता गार पाण्याने धुवा.

कडा, स्क्रू आणि भोकं

ग्लासचं कापड काटकोनात वळत नाही. धारदार कडेवर ते दोन्ही बाजूंनी उचललं जातं आणि खाली हवेची लांब नळी तयार होते, बाहेरून चांदीच्या रेघेसारखी दिसते, पुढे पाणी त्याच नळीतून धावतं. म्हणून सगळ्या बाहेरच्या कडा राउटरने किंवा रंधा आणि पॉलिश पेपरने गोल करा, कमीत कमी ६ मिमी त्रिज्या, जाड कापडाला १०-१२. आतल्या कोपऱ्यांना उलटं, तिथे घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलसर फिलेट भरा. चमच्याची पाठ किंवा कडा गोल कापलेली प्लास्टिकची पट्टी ओढली की सुंदर येते.

प्लायच्या कापलेल्या कडेला लाकडाच्या उघड्या नळ्या असतात, त्या पाणी पितात तसं इपॉक्सीही पितात. एक हात मारला, दहा मिनिटांनी बघा, कोरडं दिसतंय. परत मारा. परत बघा. ती कड प्यायची थांबून ओली-चकचकीत राहील तोपर्यंत देत राहायचं, सहसा तीन हात लागतात. याच कडेवर नंतर कापड वळून येणार असलं तरी हे चुकवू नका.

स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या खाली बसवा किंवा गोंद सुकल्यावर स्क्रू काढूनच टाका आणि खड्डे भरा. भरायला इपॉक्सीत पावडर मिसळून लांबी (पुट्टी) बनवायची, आणि पावडरी दोन स्वभावाच्या असतात: कोलॉइडल सिलिका आणि लाकडाचं बारीक पीठ ताकदीसाठी, मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पावडर) घासायला सोपी म्हणून. सिलिकाची लांबी दगडासारखी होते, बाहेरच्या पृष्ठभागावर फासलीत तर घासताना आजूबाजूचं लाकूड खाली जाईल आणि ती उंचवट्यासारखी राहील. सांधे आणि फिलेट यांना लाकडाचं पीठ आणि थोडी सिलिका. खळगे भरायला मायक्रोबलून. आधी रेझिन-हार्डनर पूर्ण मिसळायचं आणि मगच पावडर टाकायची, उलट क्रम नाही. उभ्या भागावर टूथपेस्टएवढं घट्ट हवं, काठी वर उचलली की टोक उभं राहिलं पाहिजे.

आता भोकं. लाइट, वायर, बिजागरी, खिडकीची फ्रेम, छताचा व्हेंट, दाराचं कुलूप, जे काही प्लायला आरपार जाणार आहे त्याची यादी रंगाच्या आधी करा. ४ मिमीचा स्क्रू येणार असेल तर तिथे ८-१० मिमीचं भोक पाडा, मागून टेप लावा, आतल्या भिंतींना पातळ इपॉक्सी लावून घ्या आणि घट्ट इपॉक्सीने ते पूर्ण भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध योग्य मापाचं छोटं भोक. आता स्क्रूच्या भोवती लाकूड नाहीच, इपॉक्सीचं बूच आहे, पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत आलं तरी प्यायला काही मिळत नाही. चाळीस भोकं असतील तर एक पूर्ण दिवस जातो. पूर्ण ट्रेलरवरचा सगळ्यात कामाचा दिवस हाच, असं माझं ठाम मत आहे. खिडकी आणि व्हेंट यांच्या मोठ्या कापांच्या कडांना वर सांगितलं तसे तीन हात.

हवामान

१८ ते २८ अंश हे आरामात काम करायचं तापमान. त्याखाली रेझिन मधासारखं घट्ट होतं आणि कापडात शिरत नाही, त्यावर गेलं की हातातच तापायला लागतं. साधा हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की सेट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. डबा थंड असेल तर बंद डबा कोमट पाण्यात ठेवा. रेझिन साखरेसारखं गोठलेलं, पांढरं दिसत असेल तर ते खराब झालेलं नाही, ५० अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हलवा, मग थंड करून वापरा.

कच्च्या लाकडावरचा पहिला कोट दुपारनंतर, तापमान उतरायला लागल्यावर द्या. सकाळी दिलात आणि ऊन चढलं तर लाकडातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढत बाहेर येते, छपरावर शेकडो छोटे खड्डे पडतात. तापमान उतरताना लाकडातली हवा आकसते आणि उलट इपॉक्सी आत ओढून घेते. त्याच कारणाने थेट उन्हात काम नको.

दमट हवेत आणखी एक प्रकार होतो, अमाइन ब्लश. हार्डनरचा काही भाग हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर तेलकट, मेणासारखी पातळ साय धरतो. त्यावर पुढचा कोट किंवा रंग लावला तर तो सोलून निघतो. लोक काय करतात की सरळ पॉलिश पेपर घेऊन घासायला लागतात, त्याने ते मेण पृष्ठभागात आणखी चोळलं जातं, पेपर चिकटून भरतो. ब्लश पाण्यात विरघळतो. साधं स्वच्छ पाणी आणि भांडी घासायची खरखरीत घासणी, धुवा, ओलं असतानाच कागदाने पुसून घ्या, सुकू द्या, मग घासा. दिसत नसला तरी धुवा, मी प्रत्येक वेळी धुतो.

मिसळणं

वजनकाटा वापरा. पंपात हवेचा बुडबुडा आला की प्रमाण गेलं आणि आपल्याला कळतही नाही. माझ्या दुसऱ्या ट्रेलरच्या छपरावर हातभर लांब पट्टा आठ दिवसांनीही चिकट होता, पंपाचा एक दाब रिकामा गेला असणार. तो पट्टा पूर्ण खरवडून काढावा लागला, कारण न सेट झालेल्या इपॉक्सीवर काहीही लावलं तरी खालचं मऊच राहतं. एक मात्र लक्षात ठेवा, आकारमानाने २:१ म्हणजे वजनाने २:१ नाही. हार्डनर हलका असतो, त्यामुळे वजनाने ते १०० ला ४२-४५ असं काहीतरी निघतं. डब्यावर वजनाचं प्रमाण वेगळं छापलेलं असतं, तेच धरा.

दोन ते तीन मिनिटं हळू ढवळा, कपाच्या भिंती आणि तळाचा कोपरा खरवडत. मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि परत मिनिटभर. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं अर्धवट मिसळलेलं तिथेच राहतं, छपरावर येत नाही.

एका वेळी २००-३०० ग्रॅमच्या वर बनवू नका आणि बनवलेलं लगेच पसरट ट्रेमध्ये किंवा थेट पॅनलवर ओता. इपॉक्सी सेट होताना स्वतः उष्णता सोडतं, खोल कपात ती बाहेर जात नाही, त्याने आणखी वेगाने सेट होतं, आणखी तापतं, आणि पाच मिनिटांत कप धुरावतो, प्लास्टिक वितळतं. असा तापलेला कप कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आग लागते. बाहेर मोकळ्या फरशीवर नेऊन ठेवा, धूर नाकात घेऊ नका, थंड झाल्यावर उचला.

कापड चढवायचा दिवस

सील कोट आधी देऊन, सुकवून, धुवून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून ठेवलेलं मला आवडतं. कोरड्या लाकडावर थेट कापड भिजवलं की लाकूड खालून रेझिन पिऊन टाकतं आणि कापड उपाशी राहतं, दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी पांढरं दिसतं.

धूळ पूर्ण पुसा. कापड कोरडंच अंथरा, सगळीकडे ५०-७० मिमी जास्त ठेवून कापा, हाताने मधून बाहेर सपाट करा. मऊ कोरडा ब्रश फिरवला की सुरकुत्या जातात. जिथे दोन दिशांनी गोलाई आहे तिथे कापड तिरकं, धाग्यांना ४५ अंशात धरून कापलेलं जास्त छान बसतं. दोन माणसं असतील तर फार बरं, एक मिसळायला आणि एक पसरवायला, मिसळणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात.

मधोमध रेझिन ओता, प्लास्टिकच्या स्क्वीजीने (सपाट पट्टीने) हळूहळू बाहेरच्या दिशेने न्या. आधी कापडाला प्यायला दोन-तीन मिनिटं द्या, मग दुसऱ्यांदा फिरताना स्क्वीजी जरा उभी धरून जास्तीचं ओढून काढा. जोर लावून फेस करू नका. शेवटी पृष्ठभाग कसा दिसायला हवा तर पारदर्शक, पण विणकामाचा खरखरीत पोत वर जाणवणारा, चकाकी एकसारखी मंद. गुळगुळीत चकचकीत तळी दिसत असतील तर तिथे कापड रेझिनवर तरंगतंय, लाकडापासून उचललेलं आहे, आणि पुढे घासताना तुम्ही नेमकं तेच उंच आलेलं कापड कापून टाकाल. नवख्यांचा हात इथे कायम सढळ असतो. विणकाम बुजवायचं काम पुढच्या कोटांचं.

बाजूंच्या उभ्या भागावर ओतता येत नाही, तिथे आधीचा कोट चिकट असताना कापड टेकवून वरून पातळ फोम रोलरने भिजवा, वरून खाली. ट्रेलर आडवा करून बाजू जमिनीला समांतर आणता आली तर त्याहून चांगलं काही नाही, मदतीला माणसं बोलवा पण एवढं कराच.

क्रम असा ठेवा की बाजूचं कापड कड ओलांडून छपरावर ५० मिमी येईल. ते सेट झाल्यावर त्याची धार घासून उतरती करा, मग छपराचं कापड कड ओलांडून बाजूवर ५० मिमी खाली. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त टकरा बसतात त्या कडेवर आपोआप दोन थर आले.

तीन-पाच तासांनी, हवामानाप्रमाणे, इपॉक्सी चामड्यासारखं होतं, हाताला चिकटत नाही पण नखाने दबतं. लोंबणारं कापड कापायचं ते याच वेळी, नव्या ब्लेडने एका दमात. लवकर कापलंत तर धागे ओढले जातात, दुसऱ्या दिवशीवर टाकलंत तर ग्राइंडर घेऊन बसावं लागतं. ती लटकणारी काच कडक झाल्यावर हात फाडते, हेही आहेच.

पील प्लाय मिळालं तर ओल्या कापडावर तो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा थर दाबून ठेवा, सेट झाल्यावर सोलला की ब्लश त्याच्याबरोबर जातो आणि खाली खरखरीत स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. जिथे एकावर एक पट्ट्या येतात तिथे तर फार उपयोगाचं.

फिल कोट त्याच दिवशी द्यायचे. आधीचा कोट अजून नखाने दबतोय तोपर्यंत वरचा दिला तर दोघे रासायनिक जोडाने एक होतात, मधे धुणं नाही, घासणं नाही. ती वेळ गेली की मग सकाळी धुवा आणि ८० नंबरने घासून मगच पुढचा. मी सकाळी कापड, दुपारी पहिला फिल कोट, संध्याकाळी दुसरा असा दिवस आखतो आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही काम धरत नाही.

बिघडलं तर

हवेचा फुगा छोटा असेल तर ब्लेडने चीर देऊन सिरिंजने इपॉक्सी आत सोडा आणि वर प्लास्टिकचा कागद ठेवून वजन द्या. तळहातापेक्षा मोठा असेल तर तेवढा भाग कापून काढा, भोवतीची काच उतरती घासा, जाडीच्या बारापट रुंद उतार धरा, आणि नवा तुकडा बसवा. ओघळ आले असतील तर पॉलिश पेपरने नाही, धारदार खरवडणीने आधी उतरवा.

घासताना चमचमणारे धागे किंवा कापडाची जाळी दिसायला लागली की थांबा. तुम्ही फिल कोट संपवून काचेत शिरलात. तिथे आणखी एक कोट द्या आणि मग परत. लांब लवचिक फळीवर पेपर चिकटवून तिरक्या हाताने घासलं तर लाटा जातात, छोट्या मशीनने त्या वाढतात. ८०, १२०, मग प्रायमरसाठी १८० पुरे.

फोमचा ट्रेलर असेल तर

हलका ट्रेलर हवा म्हणून प्लायऐवजी फोमच्या दोन्ही बाजूंना ग्लास चढवायची पद्धतही चांगली आहे. विमानं बनवणारे हे आधीपासून करतायत, विमानरचनाकार बर्ट रुटानचं १९७५ साली उडालेलं व्हेरिईझी हे छोटं विमान साचा न वापरता फोमवर काच आणि इपॉक्सी चढवूनच बनलं होतं. फोमची चकचकीत कातडी आधी ६०-८० नंबरने घालवा. मायक्रोबलूनची पातळ लापशी पृष्ठभागावर स्क्वीजीने ओढून भोकं बुजवा आणि ती ओली असतानाच कापड घाला, नाहीतर फोम नुसतं रेझिन भरून वजन वाढवतो. काच दोन्ही बाजूंना हवी, एकाच बाजूला लावलेली फोमची फळी वाकते. जिथे काहीही स्क्रू होणार आहे तिथला फोम काढून प्लायचा तुकडा इपॉक्सीने बसवा, आणि हे ग्लास चढवायच्या आधी. गरम तारेने फक्त पॉलिस्टायरीन कापा, पॉलियुरेथेन फोम गरम तारेने कापला की विषारी धूर सुटतो.

रंग आणि फिटिंग

इपॉक्सी उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी आधी पिवळं, मग खडूसारखं भुरभुरीत होतं आणि शेवटी काच उघडी पडते. त्यामुळे रंग किंवा यूव्ही रोखणारं वॉर्निश लागणारच. आठवडाभर पिकू द्या, शेवटचं एकदा धुवा, १८० ने मंद करा, इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग. साधा एका डब्यातला ऑइलपेंट काही इपॉक्सींवर दिवसेंदिवस सुकतच नाही, म्हणून आधी एका कोपऱ्यात लावून बघा. रंग फिका निवडा. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं आणि गडद रंगाचं छप्पर उन्हात त्याच्या सहज वर जातं, मग खालचं विणकाम रंगातून उमटतं.

सिलिकॉनची नळी रंग पूर्ण होईपर्यंत कामाच्या जागेत आणूच नका. त्याचा बोटाएवढा डाग राहिला तरी तिथे रंग डोळे पाडतो (गोल खड्डे पडतात) आणि इपॉक्सी धरत नाही. खिडक्या आणि व्हेंट बसवायला ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा. इपॉक्सीने भरलेल्या भोकाचं तोंड थोडं काउंटरसिंक (बशीसारखं रुंद) करा म्हणजे स्क्रूभोवती ब्यूटिलचं कडं तयार होतं, आणि स्क्रू एका दिवसात घट्ट आवळू नका, तीन-चार दिवस रोज थोडे थोडे पिळा, टेप हळूहळू बाहेर येत राहील, बाहेर आलेलं प्लास्टिकच्या पट्टीने कापा.

फ्लोअरची खालची बाजू रंगवली का ते बघा, चेसिसवर चढवल्यावर तिथे हात पोहोचत नाही. चढवायच्या आधी ट्रेलर उलटा असतानाच खाली तीन हात इपॉक्सी आणि वर रंग, आणि चेसिसचे बोल्ट जिथून जातात ती भोकंही वरच्यासारखीच भरून, सुकवून, परत पाडलेली. बोल्टच्या वॉशरखाली ब्यूटिल.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आतून सगळ्या फिटिंगच्या भोवती हात फिरवा आणि बाहेरून नाण्याने टकटक करत फिरा, टणक आवाज येणाऱ्या भागात मधेच बोथट बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय किंवा लाकूड ओलं आहे. प्रवासात खडीने टवका उडाला आणि लाकूड दिसलं तर त्याच दिवशी त्यावर टेप मारा, घरी आल्यावर टेप काढून चार-पाच दिवस पूर्ण सुकू द्या आणि मगच घासून इपॉक्सी भरा, वर रंगाचा हात.